पाटीखालची पंचाहत्तर मिनिटं

नवऱ्याचा उजवा हात पुन्हा चाकाच्या खुर्चीबाहेर लोंबला. घंटाबाईंनी तो उचलून मांडीवर ठेवला. चौथ्यांदा. सकाळी सव्वाआठला याच हाताने तो कापडावर खडूची रेघ ओढत होता. रेघ मध्येच वाकडी गेली, मग तोंडही, आणि शब्द फुटेना. हात गेलेल्या शिंप्याने पुढे काय करायचं, हा विचार त्या कालपर्यंत कशाला करतील?

बावीस वर्षं शाळेत घंटा दिल्यामुळे पोरांनी त्यांना ठेवलेलं हे नाव. बाई वेळेच्या पक्क्या. रडारड न करता गाडी थांबवली आणि आठ बेचाळीसला हॉस्पिटलचं फाटक गाठलं. फाटकावरच्या यंत्रातून गाडीसाठी निघालेली, वेळ छापलेली चिठ्ठी अजून मुठीत होती.

आता साडेनऊ वाजले होते.

"अहो, फाईल करायला एवढा वेळ?" त्यांनी काउंटरवरच्या कारकुनाला तिसऱ्यांदा विचारलं.

कारकुनाने उपकार केल्यासारखा आवाज खाली आणला. "ताई, स्कॅनच्या खोलीत पेशंट आहे. आता फाईल केली की आमचं घड्याळ सुरू होतं. खोली रिकामी झाली की लगेच करतो. तुमचं काही नुकसान आहे का त्यात?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची ढकलत त्या आतल्या दाराशी गेल्या. रखवालदार आडवा आला. "फाईल दाखवा." फाईल नसलेल्या माणसाला पक्षाघातसुद्धा झालेला नसतो, असा तिथला कायदा.

परत काउंटर. वर पांढरी पाटी : 'पक्षाघात. दारापासून इंजेक्शनपर्यंत सरासरी २६ मिनिटं.' आकडा मार्करने लिहिलेला, पुसता येईल असा.

नऊ सत्तावन्नला फाईल झाली आणि काय ती पळापळ! स्कॅन, सही, सुई. दहा एकवीसला इंजेक्शन गेलं. माणसं कामाला वाघ होती, त्यात खोटं नाही.

डॉक्टरांनी घाम पुसत फाईल चाळली आणि त्या थेट घंटाबाईंवरच उखडल्या.

"आम्ही जीव तोडून चोवीस मिनिटांत इंजेक्शन देतो, आणि तुम्ही? सव्वाआठला त्रास सुरू झाला, दहाला उगवता! तासभर आधी आणलं असतंत तर या हाताची जास्त आशा होती. घरी काय करत बसला होतात?"

बाईंनी मूठ उघडली. घामाने चिठ्ठी मऊ पडली होती, पण आठ बेचाळीस स्पष्ट दिसत होते.

"घरी नव्हतो बसलो, डॉक्टर. तुमच्या त्या पाटीखाली बसलो होतो."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, मग फाईल, मग पुन्हा चिठ्ठी. काचेपलीकडे कारकून स्टुलावर चढून पाटीवरचा सहा पुसत होता. त्या जागी त्याने पाच लिहिला.

कॉटवरून हात पुन्हा खाली लोंबला. या वेळी घंटाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आता तुम्ही उचला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.