लिंबूटिंबू

"काकू, तू लिंबूटिंबू. मेलीस तरी आऊट नाहीस," म्हणत आठ वर्षांच्या शाल्मलीनं व्हिडिओ गेमचा दुसरा रिमोट मला दिला. तिच्या बाबांशी लग्न करून या घरात आल्यापासून हे असंच. बापलेक आऊट होण्यावरून कचाकचा भांडत. माझं मरण मात्र कुणी मोजतच नसे.

गेममधला पोरगा युगं ओलांडत उड्या मारायचा आणि रूपं बदलायचा. डायनोसॉरच्या काळात बेडूक, गडकिल्ल्यांच्या काळात घोरपड. त्या दिवशी शाल्मलीचा पोरगा गडाच्या तटाखाली अडकला आणि त्याची रूप बदलायची शक्तीही संपली होती. मी वर पोहोचले होते. माझ्या पोराचा दोर करून मी खाली सोडला. तिचा सरसर वर चढला. त्या ओझ्यानं माझा दरीत कोसळला.

तिनं रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "आता तू लिंबूटिंबू नाहीस. मेलीस की आऊट. कळलं?"

पुढच्या डावात मी पहिल्याच उडीला मेले.

"काकू आऊट! रिमोट बाबांना दे!" ती किंचाळली.

"मुळीच नाही! तूच मला ढकललंस!" रिमोट छातीशी घट्ट धरून मीही कचाकचा भांडू लागले.