वस्तऱ्याखालची मान

मालकांच्या गालावर फेस चढला होता आणि वस्तरा न्हाव्याच्या लेकीच्या हातात होता. तिचा बाप, ज्याचं हे सलून, खुर्चीमागे उभा होता. उजवा हात त्यानं छातीशी धरला होता, निजलेलं मूल धरावं तसा.

"पोरी, मान जपून हं," मालक म्हणाले. "अजून बरीच कामं उरकायचीत मला."

"बोलू नका काका, गाल हलतो."

वस्तरा उतरला. पाण्यावरून पाखराची सावली जावी, इतका अलगद. बापाचा डावा हात नकळत हवेत त्याच्यासोबत फिरला.

मालक म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या इमारतीचे मालक. दाढीला वर्षानुवर्षं इथंच यायचे. त्यांच्याच इमारतीच्या तळघरात, गाड्या लावायच्या जागेत, मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दोन टोळकी एकमेकांवर तुटून पडली होती. न्हावी तिथल्या दुकानातून टॉवेल विकत घेऊन स्कूटर काढायला खाली उतरला होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फुटक्या बाटलीनं त्याचा तळहात अंगठ्यापाशी चिरला. जखम भरली, पण अंगठा काही वळेना. ज्या हातानं गावातल्या निम्म्या नवरदेवांच्या दाढ्या केल्या, त्यातून आता चहाचा कपही निसटायचा.

बाकाच्या कडेला त्याची भाची बसली होती. वकील होती ती. मामाच्या होकारासाठी सकाळपासून ठाण मांडून होती. मालक आले तरी हलली नव्हती.

"वकीलबाई कशाला आल्यात ते कळलंय मला," फेसातून मालक म्हणाले. "मारणारे मारून गेले. मी काय बाटली उगारली होती?"

"मारणाऱ्यांचं पोलीस बघतायत, ते वेगळं," भाची म्हणाली. "पण लोकांना आत बोलावून तुम्ही धंदा करता. तळघरात आधीही मारामाऱ्या झाल्यात. दुकानदार तुम्हाला सांगून थकले. तरी राखणदार काढलात, गेलेले दिवे तसेच ठेवलेत. म्हणून भरपाईचा दावा तुमच्यावरही करता येतो." मग ती मामाकडे वळली. "आणि मामा, त्याची मुदत याच आठवड्यात संपतेय. नंतर तू हो म्हणालास तरी मला काही करता येणार नाही."

"अगं, भांडण परक्यांचं," न्हावी म्हणाला. "त्यात यांना कशाला ओढायचं? माझंच नशीब फुटकं."

हे तो इतक्यांदा बोलला होता, की शब्द ओढ्यातल्या गोट्यांसारखे गुळगुळीत झाले होते.

"ऐका, वकीलबाई," मालक म्हणाले आणि त्यांनी समाधानानं मान मागं टेकली. लेकीनं वस्तरा गळ्याशी आणला.

तेवढ्यात बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांची जुंपली. एक मिशीवाला, एक चष्मेवाला.

"माझा नंबर आधी. मी चप्पल ठेवून गेलो होतो."

"मग चपलेचीच करून घ्या दाढी."

मिशीवाला उठला. चष्मेवाल्यानं त्याच्या छातीला हात लावला. लेकीनं मान वळवून पाहिलं. वस्तरा मात्र होता तिथंच राहिला, गळ्याच्या घाटीवर.

"वस्तरा मिट," बाप म्हणाला.

आवाज चढवलाच नाही त्यानं. पण लेकीचा हात मागं आला आणि पातं मुठीत मिटलं. दुसऱ्याच क्षणी मिशीवाला धडपडत खुर्चीवर आदळला. खुर्ची गर्रकन फिरली. मालकांनी दोन्ही हातांनी दांड्या गच्च धरल्या. फेस पांढरा होता, त्याखालचा चेहराही पांढरा पडला.

बापानं दोघांना दाराबाहेर उभं केलं. मग लेकीकडे वळला.

"भांडण बघत राहिलीस ना?"

"माझी काय चूक, बाबा? भांडले ते."

"भांडू देत. मान कुणाच्या खुर्चीत आहे? आवाज चढला की आधी वस्तरा मिटायचा, भांडणारे बाहेर काढायचे, मगच गालाला हात लावायचा. धक्का कुणाचाही असो, बसलेला माणूस आपल्या भरवशावर..."



न्हाव्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. न वळणाऱ्या अंगठ्याकडे, तळव्यावरच्या त्या तिरक्या वाटेकडे. मग आरशात पाहिलं. आरशातले मालकांचे डोळे खाली गेले.

"बाळा," न्हावी भाचीला म्हणाला, "घाल दावा."

मालकांनी गळ्याभोवतीच्या कापडाची गाठ चाचपली. एक गाल साफ, एक गाल फेसाचा, तसेच ते उठू लागले. न्हाव्यानं डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. पूर्वी ठेवायचा तसाच, मायेनं.

"बसा, मालक. अर्धी राहिलीय दाढी. इथं तुम्हाला काही होणार नाही."