कथलाचा चेहरा

डबी उघडली तर आत बायको नव्हती. वाटीभर राखाडी भुगा होता.

"सूनबाई!" म्हातारा ओतारी ओरडला. "हे तुझंच काम!"

सून ओल्या हातांनी धावत आली. "शपथ घेते बाबा, मी या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

ते खरं होतं. मागच्या खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला असे. घरातल्या शेगडीच्या धगीने कथील मऊ पडेल, म्हणून हिवाळा लागताच सगळा माल त्यानेच इथे आणला होता. इथे बादलीतलं पाणी दोन महिने दगड होऊन बसलं होतं. पण दुःखात माणूस हाताशी असेल त्याच्या माथी खापर फोडतो, आणि हाताशी सूनच होती.

बायकोने जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. "माझं थोबाड काय भिंतीवर टांगायचंय?" म्हणायची. ती गेल्यावर त्याने आठवून आठवून तिचा चेहरा ओतला, तळहाताएवढा. अकरा वेळा बिघडला. बाराव्या वेळी नाक तिच्यासारखं किंचित वाकडं उतरलं आणि साचा फुटला. फुटेना का, तो म्हणाला, एक पुरे. आता त्याला तिचं नाकही नीट आठवत नव्हतं.

मुलगा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. घरी आल्यावर त्याने भुगा बोटावर घेऊन पाहिला.

"कोणी हात लावलेला नाही, बाबा. हा थंडीचा प्रताप. कथलाचे अणू एरवी एकमेकांना जरा सैल धरून असतात, म्हणून ते वाकतं, तुटत नाही. फार दिवस कडक थंडी लागली की तेच अणू वेगळ्या तऱ्हेने हात धरतात. मग त्यांना जागा जास्त लागते. धातू फुगतो, ठिसूळ होतो, आणि त्याचं पीठ होतं."

"वितळवलं तर?"

"कथील परत मिळेल."

"आणि नाक?"

मुलाने बोटावरचा भुगा जपून परत डबीत झटकला.

म्हातारा खाली बसला. "चुकलो, पोरी," तो सुनेला म्हणाला. तिने डोळे पुसले आणि फळीकडे पाहिलं. विक्रीचे घोडे, शिपाई, बदकं, सगळी रांगेत चकचकीत उभी होती. एकाचीही शेपटी गळलेली नव्हती.

"हेही त्याच थंडीत होते ना?" तिने विचारलं. "मग यांना कसं काही झालं नाही?"

"तो बाजारचा माल. त्यात मी निम्मं शिसं घालतो. स्वस्त पडतं."

"त्या शिशानेच वाचले ते," मुलगा हळूच म्हणाला. "भेसळ असली की कथलाला हा रोग लागत नाही."

म्हाताऱ्याने डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तरी तो दाबत राहिला.

"तिच्यात भेसळ करायला माझा हात धजावला नाही रे."