परसबाग मंडळाचं संमेलन

संमतीचे कागद घेऊन शर्वाणी एकेचाळीस घरी जाऊन आली होती. बागेवर ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या मंडळावर तिचा प्रबंध होता आणि प्रत्येकाची सही समोर बसून घ्यायची, असा विद्यापीठाचा नियम होता. एकेचाळीस घरांत तिला हार घातलेला फोटो दाखवला गेला. माणूस गेल्यावरही त्याच्याच शैलीत ब्लॉग लिहीत राहणारी एआयची सोय बंद करायला घरचं कुणी धजावलं नव्हतं.

सावंतवाडीत मात्र बेचाळिसाव्या घरी तेंडोलकरकाकांनी स्वतः दार उघडलं आणि लगेच सही केली.

“बाकीचे भेटले ना? आपटेबाई कशा आहेत? कालच माझ्या अबोलीवर त्यांनी चार ओळी लिहिल्या.”

“रोज लिहितात त्या,” शर्वाणी कशीबशी म्हणाली.

“आमचं संमेलन दरवर्षी माझ्यामुळे अडायचं. बाग सोडून मी कुठे जात नाही. यंदा म्हटलं, तुम्हीच या. तासाभरात सगळ्यांचे होकार आले. आज दुपारी पोचतील.”

मागच्या अंगणात मांडव होता. प्रत्येक खुर्चीवर एक रोप आणि रोपाला नावाची चिठ्ठी. ती सगळी नावं शर्वाणीने फोटोंखाली वाचली होती.

“काका, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आपटेबाईंचा निरोप होता: ‘घाट उतरलो. चहा ठेवा.’

काकांनी घाईने मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि शर्वाणीला कप मांडायला सांगितले.

ती मांडू लागली.