दोघींची झारी

आई गेल्यापासून कुसुमलता पहाटे डोळे मिटून मैत्रीभावनेला बसे. "शेजारीण सुखी होवो, चावरा कुत्राही सुखी होवो," इथवर सुरळीत चाले. धाकट्या बहिणीची, निलमिनीची पाळी आली, की गुडघे ठणकत, चुलीवरचा भात आठवे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही इटलीत कमावत बसली. भंते म्हणाले होते, "राग हाकलू नकोस, शेजारी बसू दे." आज आईच्या तिसऱ्या महिन्याच्या दानाला, भिक्खूंचं जेवण झाल्यावर, तो खरंच शेजारी बसला होता, अत्तर लावून, इटलीहून आलेल्या निलमिनीच्या रूपात. पुण्य आईला पोचवायचं तर दोघींनी एकच झारी धरून वाटीत पाणी सोडायचं. भिक्खूंचं पठण संपत आलं, तरी कुसुमलताचा हात हलेना. "अक्के, आईनं माझी आठवण काढली का गं?" निलमिनी कुजबुजली. गूमूत काढणाऱ्या कुसुमलताला आई शेवटी 'निलमिनी' म्हणूनच हाक मारायची. "तुझंच नाव घेत गेली," ती म्हणाली. झारी कलली.