हिरवा दिवा

महापालिकेच्या मोफत पाळणाघराचं दार मूल हसल्याशिवाय उघडत नसे. न्यायला आलेल्या माणसाला पाहून चेहरा खुलला, की यंत्राच्या लेखी ओळख पटली.

वृंदा आज तासभर उशिरा आली होती. काचेपलीकडे तिची दोन वर्षांची ओवी गाल फुगवून बसली होती. वृंदाने टाळ्या वाजवल्या, मांजरासारखी ओरडली, तरी दारावरचा दिवा लालच. अजून पाच मिनिटांनी ओवीची रवानगी बेवारस मुलांच्या कक्षात होणार होती.

तेवढ्यात रांगेत मागे उभ्या असलेल्या गायतोंडेआजोबांना शिंक आली आणि त्यांची टोपी उडाली. ओवी खुदकन हसली. दिवा हिरवा झाला.

"अभिनंदन, बाबा. मूल घेऊन जा," यंत्र म्हणालं.

"अहो, मी नातवाला न्यायला आलोय."

"आजोबा, मुकाट्यानं उचला आणि आईकडे द्या," सेविका सरलाबाई म्हणाल्या. "परक्यावर कोणी रुसत नाही, हे या यंत्राला कोण सांगणार?"

कडेवर येताच ओवीने आईला एक चापट मारली आणि गळ्याला मिठी घालून भोकाड पसरलं. यंत्राने लगेच पोलिसांना कळवलं, की एका अनोळखी बाईने मूल पळवलं आहे.

वृंदा घाबरली. सरलाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा हो. येऊ देत पोलीस. त्यांच्यावरही घरी कोणीतरी रुसलं असेलच."