बोटाएवढा खड्डा

नवं मॉडेल आलं की हातातले स्पीकर विकून मोकळं व्हायचं, हा त्याचा शिरस्ता. विकताना चांगला भाव यावा म्हणून तो खोकीसुद्धा जपून ठेवायचा आणि स्पीकरला कुणाला बोट लावू द्यायचा नाही. तरी त्याच्या चिमुरड्या लेकीने एकदा लावलंच. स्पीकरच्या मधोमध असते ती फुगीर, मऊ टोपी तिने बोटाने दाबली आणि तिथे खड्डा पडला.

"हजारदा सांगितलंय ना, हात लावायचा नाही म्हणून!"

तो असा काही ओरडला की पोरीने पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जोडी मातीमोल भावात गेली, याचीच हळहळ त्याला कितीतरी दिवस पुरली.

हिवाळ्यात लेक आजारी पडली, ती उठलीच नाही.

आज त्याला दारात बघून दुकानदार लगबगीने पुढे आला. "या साहेब! कालच नवं मॉडेल आलंय."

"मला माझी जुनी जोडी परत हवीय. आहे अजून?"

"आहे की! नवं आल्यावर जुन्याला कोण विचारतंय?"

दुकानदाराने मागून जोडी आणून टेबलावर ठेवली. बापाने एका स्पीकरवरची जाळी अलगद काढली आणि टोपीवरून करंगळी फिरवली. मग दुसऱ्या स्पीकरवरून फिरवली. मग पुन्हा पहिल्यावरून.

"आता शोधूनही सापडायचा नाही, साहेब," दुकानदार खुशीत म्हणाला. "तुम्ही जोडी दिलीत त्याच दिवशी खड्डा काढला आम्ही. दोन मिनिटांचं तर काम होतं."